तेरा बरोबर, पण कोणते तेरा? : अवकाशीय क्षमतेच्या चाचण्यांविषयी

दहावीच्या निकालाच्या आसपासचे दोन महिने कोल्हापूरच्या राजारामपुरीतील माझ्या समुपदेशन केंद्रात उसंत नसते. अकरावी सायन्स घ्यायचे की डिप्लोमाला जायचे, हा प्रश्न घेऊन आलेल्या मुलांची मी अभिक्षमता चाचणी (अ‍ॅप्टिट्यूड टेस्ट) घेते. तिच्यातील एका भागाचा निकाल पालकांना समजावून सांगताना मला दरवेळी सर्वांत जास्त वेळ लागतो, आणि तो भाग म्हणजे अवकाशीय क्षमता. मध्यंतरी एकाच आठवड्यात आलेल्या दोन मुलांच्या उत्तरपत्रिका मला अजून आठवतात. ओळख पटू नये म्हणून तपशील थोडे बदलून सांगते. चोवीस प्रश्नांच्या या भागात दोघांचीही तेरा उत्तरे बरोबर होती. मुलाने चोवीसही प्रश्न सोडवले होते आणि त्यांतले अकरा चुकले होते. मुलीने चौदाच सोडवले होते, त्यांतला एक चुकला होता आणि उरलेले दहा कोरे होते. अहवालात मात्र दोघांच्या नावापुढे एकच आकडा छापून आला. या एकाच आकड्यामागे दोन वेगळ्या गोष्टी कशा दडल्या होत्या, हे समजून घ्यायचे तर आधी ही चाचणी नेमके काय मोजते ते पाहावे लागेल.

‘अवकाशीय’ या शब्दाने पालक हमखास बिचकतात, आणि एका आजोबांनी तर नातू ‘इस्रो’त जाणार का, असेही विचारले होते. इथे अवकाश म्हणजे आकाश नव्हे, तर वस्तूने व्यापलेली जागा. समोर नसलेली वस्तू मनात उभी करणे, ती फिरवून, दुमडून, कापून किंवा उलगडून पाहणे आणि त्यानंतर ती कशी दिसेल हे न चुकता सांगता येणे, एवढाच त्याचा अर्थ. या क्षमतेचा चित्रकलेशी संबंध आहे, पण चांगली चित्रे काढणाऱ्याला ती असतेच असे नाही.

वाचकांनी एक चौकोनी कागद घ्यावा, किंवा खरे तर घेऊ नये, नुसता मनात धरावा. त्याची उजवी कड उचलून डाव्या कडेवर आणा. आता डाव्या बाजूला एक उभा आयत राहिला आणि घडी त्याच्या उजव्या कडेला आली. या आयताचा खालचा डावा कोपरा उचला आणि घडीच्या कडेच्या मध्यावर टेकवा. आता वरच्या अर्ध्या भागात पंचने एक भोक पाडले, तर कागद उलगडल्यावर किती भोके दिसतील? आणि तेच भोक नुकत्याच दुमडलेल्या त्रिकोणात पाडले असते, तर? पहिल्याचे उत्तर दोन आणि दुसऱ्याचे चार, कारण वर कागदाचे दोन थर आहेत आणि त्रिकोणात चार. भोके किती हे सांगणे त्यातल्या त्यात सोपे. ती कागदावर नेमकी कुठे उमटतील, हे पाच पर्यायांतून ओळखणे हा खरा प्रश्न असतो. कागदाच्या घडीची चाचणी म्हणून जी प्रसिद्ध आहे, ती जवळपास अशीच आहे. अमेरिकेतील एज्युकेशनल टेस्टिंग सर्व्हिस या संस्थेने १९७६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या चाचणीसंचात तिचे दहा-दहा प्रश्नांचे दोन भाग आहेत आणि प्रत्येक भागाला अवघी तीन मिनिटे मिळतात. (वरचा प्रश्न माझा स्वतःचा आहे. खऱ्या चाचणीतले प्रश्न बाहेर फोडायचे नसतात. एकदा ते सरावाला आले की चाचणी निकामी होते.)

त्या मुलीचे वडील शिरोली एमआयडीसीत पॅटर्नमेकर, म्हणजे ओतकामासाठी लागणारे नमुने घडवणारे कारागीर आहेत. चाचणी चालू असताना ते बाहेरच्या बाकावर बसले होते, आणि नंतर त्यांना चाचणी कशी असते हे दाखवावे म्हणून मी हाच घडीचा प्रश्न एका कागदावर काढून पुढे केला. त्यांनी पर्यायांकडे पाहिलेच नाही. चित्रातल्या घडीवर अंगठा आणि तर्जनी अशी ठेवली की जणू खरा कागद चिमटीत धरून ते थर चाचपत होते, आणि म्हणाले, “मॅडम, हितं दोन थर हाईत, हितं चार. उलगडला की दिसतंयच की!” मग हाताने हवेतच घडी उघडल्यासारखे करून त्यांनी भोकांच्या जागा बोटाने दाखवल्या. चारही बरोबर होत्या.

त्यात नवल वाटण्याचे कारण नाही. फौंड्रीसाठी पॅटर्न करणारा माणूस दिवसभर हेच करत असतो. ड्रॉइंग असते सपाट कागदावर, वरून, समोरून आणि बाजूने पाहिलेल्या तीन आकृत्यांचे. त्यातून त्याला मनात एक भरीव वस्तू उभी करावी लागते. ती वाळूत दाबल्यावर उरणारा पोकळ साचा त्या वस्तूच्या उलट असतो, म्हणून तोही डोळ्यांपुढे आणावा लागतो. कास्टिंगच्या, म्हणजे ओतून तयार होणाऱ्या वस्तूच्या, आत जिथे पोकळी हवी तिथे साच्यात भरीव कोअर बसवावा लागतो, म्हणजे उलटाचे पुन्हा उलट. वाळू न ढासळता पॅटर्न वर ओढून काढता यावा म्हणून बाजूंना थोडा उतार ठेवायचा, आणि बीड (ओतीव लोखंड) थंड होताना आकसते म्हणून मीटरला साधारण दहा मिलिमीटरच्या हिशेबाने पॅटर्न मोठा करायचा, हेही त्याच मनातल्या वस्तूवर करायचे असते. आता बरेचसे काम संगणकावर होते. तरीही पडद्यावरची आकृती कोणत्या बाजूने वाळूत ठेवायची, हे ठरवणारा माणूस लागतोच.

पॅटर्नमेकर जे हाताने आणि लाकडाने करतो, ते पेन्सिल-कागदावर मोजण्याचा खटाटोप गेली शंभर वर्षे चालू आहे. सुरुवातीच्या चाचण्या खऱ्या वस्तूंच्या होत्या. सॅम्युएल कोह्स यांनी १९२० च्या सुमारास रंगीत ठोकळे मांडून दाखवलेला नमुना तयार करण्याची चाचणी आणली. तिच्यासाठी भाषा आणि वाचन फारसे लागत नाही, हा तिचा मोठा गुण होता. आपल्याकडे सी. एम. भाटिया यांनी १९५५ मध्ये जी कृतिचाचण्यांची बॅटरी, म्हणजे संच, प्रसिद्ध केली, तिच्या पाच भागांपैकी एक भाग याच ठोकळ्यांचा आहे, आणि मानसशास्त्राच्या पदवी वर्गातील मुले प्रात्यक्षिकाच्या तासाला अजूनही ते ठोकळे मांडतात. तुटक तुकडे जोडून कोणता आकार होईल, हे ओळखण्याची मिनेसोटाची कागदी चाचणी १९३४ मध्ये सुधारून आली. ती सुधारणाऱ्या दोघांपैकी एक रेन्सिस लिकर्ट, म्हणजे ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंतच्या ज्या पाच चौकटी आपण प्रत्येक प्रश्नावलीत भरतो, त्या ज्यांच्या नावाने ओळखल्या जातात तेच हे लिकर्ट. १९३८ मध्ये लुई थर्स्टन यांनी बुद्धी ही एकसंध नसून तिच्यात काही वेगवेगळ्या मूलभूत क्षमता आहेत असे मांडले, आणि त्यांत अवकाशीय क्षमतेला स्वतंत्र स्थान दिले. तेव्हापासून भाषेत मागे असलेला मुलगा या एका गोष्टीत पुढे असू शकतो, हे निदान पुस्तकात तरी मान्य झाले.

पुढे संशोधकांच्या लक्षात आले की ही एकच क्षमता नव्हे, क्षमतांचे कुटुंब आहे. करवीरकरांसाठी एक सोपा प्रयोग देते. अंबाबाईच्या महाद्वारात देवीकडे तोंड करून उभे राहिल्याची कल्पना करा. तुमचे तोंड पूर्वेला आहे आणि रंकाळा पाठीशी. जोतिबाचा डोंगर कुठे? डाव्या हाताला, थोडा मागे. आता देवीच्या जागेवरून बाहेर पाहत आहात असे समजा. रंकाळा समोर आला आणि जोतिबा उजव्या हाताला, थोडा पुढे. या प्रयोगात एकही वस्तू हलली नाही, हललात ते तुम्ही. कागदाच्या घडीत याच्या उलट, तुम्ही जागच्या जागी आणि वस्तू हलते. पहिल्याला दिशाभान म्हणता येईल, दुसऱ्याला आकारांचे कल्पनाचित्रण. एकात हुशार असलेला दुसऱ्यातही हुशार असतोच असे नाही. मी स्वतः घड्यांचे प्रश्न झटपट सोडवते, पण गंगावेशीच्या बोळांतून बाहेर पडताना आजही हमखास चुकीच्या बाजूला वळते. तिसरा प्रकार पाण्याच्या पातळीचा. अर्धी भरलेली बाटली तिरकी धरल्यावर आतल्या पाण्याची रेघ काढायला सांगतात. ती जमिनीला समांतरच राहायला हवी, पण चांगली शिकलेली मोठी माणसेही ती बाटलीबरोबर तिरकी काढतात. मूळ प्रयोग ज्याँ पियाजे यांनी लहान मुलांसाठी योजला होता.

या साऱ्या संशोधनात माझ्या मते सर्वांत देखणा प्रयोग १९७१ चा आहे. रॉजर शेपर्ड यांना त्याची कल्पना १९६८ च्या नोव्हेंबरमधील एका पहाटे अर्धवट जागेपणी सुचली, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. त्यांनी आणि जॅकलिन मेट्झलर यांनी दहा-दहा ठोकळे चिकटवून केलेल्या वाकड्यातिकड्या आकृत्यांच्या जोड्या आठ जणांना दाखवल्या. जोडीतील दोन्ही आकृत्या एकच वस्तू फिरवून दाखवलेल्या आहेत, की एक दुसरीची आरशातली प्रतिमा आहे, एवढेच सांगायचे होते. उत्तरे बहुतेक बरोबर यायची, म्हणून त्यांनी चुका मोजण्याऐवजी वेळ मोजला. दोन आकृत्यांमध्ये फिरण्याचा कोन जेवढा जास्त, तेवढा उत्तराला वेळ जास्त, आणि ही वाढ आलेखावर जवळजवळ सरळ रेषेत आली. कोन शून्य असताना साधारण एक सेकंद, १८० अंश असताना चार सेकंदांच्या पुढे. हिशेब केला तर मनातली वस्तू सेकंदाला साधारण ६० अंशांच्या वेगाने फिरत होती. डोक्यात ठोकळे नसतात, जागा नसते, फिरवायला हात नसतो. तरीही वेळ असा लागतो की जणू काही खरोखरच फिरते आहे. यावरूनच वँडनबर्ग आणि क्यूज यांनी १९७८ मध्ये वर्गात एकदम अनेकांना देता येईल अशी कागदी चाचणी केली. तिच्यात प्रत्येक मूळ आकृतीपुढे चार आकृत्या असतात आणि त्यांतल्या दोन बरोबर असतात.

पण सगळेच जण आकृती मनात फिरवतात का? उत्तरपत्रिकेवर फक्त उत्तर उमटते, ते कसे आले याची खूण राहत नाही. माझ्या त्या दोन मुलांचे प्रकरण इथेच उलगडते. माझ्या चाचणीत आठ प्रश्न घड्यांचे, आठ उलगडलेल्या घनांचे आणि आठ आकृती फिरवण्याचे, अशी मांडणी होती. मुलाची घनांची आठही उत्तरे बरोबर होती. उरलेल्या सोळांत त्याला पाच जमली. पाच पर्यायांतून डोळे मिटून खूण केली तरी सोळांत सरासरी तीन बरोबर येतातच, म्हणजे तिथे त्याची मजल चिठ्ठ्या टाकण्याच्या फार पुढे गेली नव्हती. घन कसे सोडवलेस, असे विचारल्यावर तो लगेच म्हणाला, “स्कॉलरशिपच्या क्लासला शिकवलं होतं की, एक सोडून एक समोरासमोर.” नियम बरोबर आहे. उलगडलेल्या घनाच्या सरळ पट्टीत पहिला आणि तिसरा चौकोन घडी घातल्यावर एकमेकांसमोर येतात, म्हणून ते शेजारी दाखवणारा पर्याय सरळ काट मारायचा. हे करताना मनात घन उभा करावाच लागत नाही. शिष्यवृत्ती आणि नवोदयच्या तयारीत आरशातील प्रतिमा, पाण्यातील प्रतिमा, फासे यांचे असे ठोकताळे मुलांकडून घोटून घेतले जातात. त्यात गैर काही नाही, परीक्षा पास व्हायची असते. पण मग त्या आठ प्रश्नांनी त्याची पाठ केलेली युक्ती मोजली, अवकाशीय क्षमता नव्हे. म्हणूनच सावध प्रश्नकर्ते घनाच्या बाजूंवर ठिपक्यांऐवजी बाण काढतात. कोणती बाजू कोणासमोर हे नियमाने कळते, बाणाचे टोक कुठे वळेल हे त्या नियमाने कळत नाही.

मुलीचे उलट झाले होते. घड्यांचे आठही प्रश्न बरोबर, घनांतले सहा सोडवून पाच बरोबर, आणि आकृत्या फिरवण्याच्या पानापर्यंत ती पोहोचलीच नाही. तिने सांगितले की प्रत्येक कागद ती मनात दोनदा उलगडत होती, एकदा उत्तर काढायला आणि एकदा ताळा करायला. म्हणजे घाईच्या चाचणीत तिने खातरीचे काम केले.

आता आकड्याकडे येऊ. पर्सेंटाइल हा शब्द सीईटीमुळे घरोघरी पोहोचला आहे, तरी तो टक्क्यांसारखा वाचला जातो. ५५ पर्सेंटाइल म्हणजे ५५ टक्के उत्तरे बरोबर असे नव्हे. तुलनेसाठी घेतलेल्या गटातील शंभरांपैकी सुमारे पंचावन्न जण या मुलाच्या मागे आहेत, असा त्याचा अर्थ. मग पहिला प्रश्न हाच की तो गट कोणाचा? परदेशातील विद्यार्थ्यांच्या गटाशी इचलकरंजीच्या किंवा राधानगरीच्या मुलाची तुलना केली, तर आकडा येतो, अर्थ येत नाही. दुसरा प्रश्न चुकीच्या उत्तरांचा. अंदाजाने मारलेल्या खुणांची भरपाई म्हणून काही चाचण्यांत चुकीच्या उत्तराचे अंशतः गुण वजा करतात. पाच पर्याय असतील तर प्रत्येक चुकीमागे पाव गुण. त्या हिशेबाने मुलाचे तेरा सव्वादहा होतात आणि मुलीचे पावणेतेरा राहतात. मी वापरत होते त्या चाचणीत अशी वजावट नव्हती, म्हणून दोघे एका रांगेत आले. तिसरी गोष्ट, कोणत्याही चाचणीचा आकडा हा तराजूतल्या सोन्याच्या वजनासारखा नसतो. तोच मुलगा पुढच्या आठवड्यात बसला तर दोन-तीन गुण इकडेतिकडे होणारच, त्यामुळे ५५ आणि ६० पर्सेंटाइलमधल्या फरकावरून मेकॅनिकल की कॉम्प्युटर असे ठरवू नये.

मुली यात कच्च्या असतात का, हा प्रश्न मला आया दबक्या आवाजात विचारतात. आकृत्या मनात फिरवण्याच्या कागदी चाचण्यांत पुरुषांची सरासरी स्त्रियांपेक्षा जास्त येते, आणि हे अनेक देशांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. ते लपवण्यात अर्थ नाही. पण सरासरी ही एखाद्या मुलीविषयी काहीच सांगत नाही, आणि वेळेचे बंधन सैल केले की हा फरक बऱ्याच अभ्यासांत कमी होतो. आपल्याच देशातला एक अभ्यास मला जास्त बोलका वाटतो. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ईशान्य भारतातील शेजारी राहणाऱ्या दोन समाजांना तुकडे जुळवण्याचे एक साधे कोडे दिले होते. कार्बी समाजात जमीनजुमला पुरुषांकडे असतो आणि तिथे पुरुषांनी कोडे स्त्रियांपेक्षा लवकर सोडवले. खासी समाजात मालमत्ता धाकट्या मुलीकडे जाते. तिथे स्त्री-पुरुषांत फरक आढळला नाही. एका कोड्यावरून सगळा निवाडा होत नाही हे खरे, पण मुलीच्या हातात लहानपणी पाना द्यायचा की नाही, याचा परिणाम कुठेतरी होत असावा असे मानायला इथे जागा आहे.

सराव केल्याने ही क्षमता वाढते का, याचे उत्तर आता बऱ्यापैकी ठाम आहे. २०१३ मध्ये डेव्हिड अटल आणि सहकाऱ्यांनी २१७ अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा सरावाचा सरासरी परिणाम प्रमाण विचलनाच्या निम्म्याच्या जरासा आत आला. साध्या भाषेत, अगदी मधोमध, म्हणजे ५० पर्सेंटाइलवर असलेला विद्यार्थी सरावानंतर अदमासे ६८ पर्सेंटाइलवर पोहोचू शकतो. अमेरिकेतील मिशिगन टेक विद्यापीठात शेरिल सॉर्बी यांनी १९९० च्या दशकापासून इंजिनिअरिंगच्या कच्च्या विद्यार्थ्यांसाठी स्वतंत्र अभ्यासक्रम चालवला. त्यात विद्यार्थी ठोकळे हातात घेऊन सगळ्या बाजूंनी त्यांची चित्रे काढत. हातातून मनात, असा हा प्रवास आहे. आपल्याकडे डिप्लोमाच्या पहिल्या वर्षी इंजिनिअरिंग ड्रॉइंगमध्ये अडकणारी मुले बुद्धीने कमी असतात असे मला कधीच वाटले नाही. त्यांना कोणी वस्तू हातात न देता थेट तिच्या तीन आकृत्या दिलेल्या असतात. साबणाची वडी सुरीने तिरकी कापून आतला छेद कसा दिसतो ते पाहणे, हा दहा रुपयांत होणारा सराव आहे आणि मी तो सर्रास सुचवते.

त्या दोघांना मी पुन्हा बोलावले. मुलीला उरलेले दहा प्रश्न हिरव्या पेनने, वेळेचे बंधन न घालता सोडवायला दिले. तिने सतरा मिनिटे घेतली आणि आठ बरोबर आणले. हे गुण अधिकृत आकड्यात धरायचे नसतात, पण क्षमता आहे आणि वेग कमी आहे, एवढे त्यावरून स्पष्ट कळले. मुलाला मी उत्तरे न मागता खरे कागद, कातर आणि पंच दिला, आणि प्रत्येक वेळी कागद उलगडण्याआधी भोके कुठे येतील ते बोलून दाखवायला सांगितले. पहिली चार-पाच उत्तरे तो भराभर चुकला. मग त्याने पंच बाजूला ठेवला आणि घडीच्या कडेवरून अंगठा फिरवत थर मोजायला सुरुवात केली.